तुमचा ऑनलाइन गेम बंद होतोय? सर्व्हर पडायच्या आधी काय काय उरकून घ्यायचं

एक दिवस गेम उघडता आणि न्यूज टॅबमध्ये लांबलचक पोस्ट दिसते. सुरुवातीला इतक्या वर्षांच्या प्रेमाबद्दल आभार, मध्ये कुठेतरी "अतिशय कठीण निर्णय", आणि पार खाली एक तारीख. मग डिस्कॉर्ड या चॅट अॅपवर जो काही गोंधळ सुरू होतो तो सांगायला नको, कोणी म्हणतं मला तर सहा महिन्यांपासून माहीत होतं, कोणी पिटिशनची लिंक टाकतं, कोणी डेव्हलपरला शिव्या घालतं, कोणी एक शब्द न बोलता अनइन्स्टॉल मारून निघून जातं. हे सगळं साहजिक आहे, होऊ द्या, राग येणारच. पण त्याच आठवड्यात काही कामं अशी असतात की ती तेव्हाच केली तर होतात, नंतर कितीही डोकं आपटलं तरी होत नाहीत, आणि बहुतेक लोक तो आठवडा वाद घालण्यात घालवतात. म्हणून हा लेख, कामांच्या क्रमाने. क्रम माझा आहे, तुमच्या गेमप्रमाणे मागेपुढे करा, फक्त पहिल्या तीन गोष्टी पहिल्याच ठेवा.

१. घोषणा नीट वाचा, कारण तारीख एक नसते

सगळ्यांच्या डोक्यात फक्त शेवटची तारीख बसते. खरं तर साधारण चार-पाच तारखा असतात: स्टोअरवरून गेम कधी काढणार, पैसे देऊन काही विकत घेणं कधी बंद होणार, सर्व्हर कधी बंद, रीफंडचा अर्ज कधीपर्यंत, आणि सपोर्ट आणि फोरम कधी बंद. ही शेवटची बऱ्याचदा लिहिलेलीच नसते. फेसबुकवरच्या फार्मव्हिल या शेतीच्या गेमचं बघा, सप्टेंबर २०२० मध्ये घोषणा झाली, १७ नोव्हेंबरनंतर खरेदी बंद, आणि ३१ डिसेंबरला फ्लॅश या ब्राउझरमधल्या सॉफ्टवेअरबरोबर गेमही गेला. 'द क्रू' हा रेसिंग गेम युबिसॉफ्टने डिसेंबर २०२३ मध्ये विक्रीतून काढला आणि मार्च २०२४ संपता संपता सर्व्हर बंद केले.

यात सगळ्यात फसवी असते ती "या दिवसांत लॉगिन करा" वाली अट. मल्टीव्हर्सस हा फायटिंग गेम बंद करताना कंपनीने सांगितलं होतं की ४ फेब्रुवारी ते ३० मे २०२५ या काळात एकदा तरी लॉगिन केलंत तर तुमची सगळी कॅरेक्टर्स ऑफलाइन खेळण्यासाठी तुमच्या मशीनवर सेव्ह होतील. म्हणजे ज्याने रागाने जानेवारीतच गेम काढून टाकला आणि परत बघितलंच नाही, त्याचं गेलं. एका लॉगिनपुरतं काम होतं.

आणि तारीख पुढे ढकलली जाईल अशी आशा ठेवण्यापेक्षा ती अलीकडे येईल अशी भीती ठेवा. मार्व्हल हीरोज २०१७ मध्ये वर्षअखेरीस बंद होणार असं जाहीर झालं होतं, पण स्टुडिओच कोसळला आणि गेम २७ नोव्हेंबरलाच गेला. कंपनी अडचणीत असेल, लोकांना कामावरून काढल्याच्या बातम्या असतील, तर जाहीर तारखेला सरळ एक महिना अलीकडे धरून चाला.

तर करायचं काय: घोषणा, एफएक्यू (नेहमीच्या प्रश्नांचं पान) आणि रीफंडचं पान तिन्हींचे स्क्रीनशॉट घ्या, तिन्ही लिंक्स वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या साइटवर सेव्ह करा (साइटवर "सेव्ह पेज नाऊ" असा पर्याय आहे, लिंक टाकली की झालं), कारण एफएक्यू गुपचूप बदलतात आणि मग तुम्ही म्हणता असं लिहिलं होतं आणि सपोर्टवाला म्हणतो कुठे? मग सगळ्या तारखा कॅलेंडरमध्ये टाका, आणि टाकताना टाइमझोन बघा. कंपनीची मध्यरात्र ही तुमची मध्यरात्र नसते. दरवेळी कोणी ना कोणी शेवटच्या संध्याकाळी आरामात लॉगिन करायला येतो आणि सर्व्हर बारा तासांपूर्वीच गेलेला असतो.

२. पैसे

पहिलं, सबस्क्रिप्शनचं ऑटो-रिन्यू आजच बंद करा. अॅप डिलीट केल्याने सबस्क्रिप्शन बंद होत नाही, हे लोकांना अजूनही पटत नाही. प्ले स्टोअर, अॅप स्टोअर, स्टीम, कन्सोलचं अकाउंट, जिथून घेतलं असेल तिथे जाऊनच रद्द करावं लागतं. बऱ्याच कंपन्या घोषणेनंतर स्वतःहून पैसे घेणं थांबवतात, पण त्यांच्या भरवशावर बसू नका. बॅटल पास, मासिक कार्ड, गिल्डसाठी (म्हणजे एकत्र खेळणाऱ्या तुमच्या गटासाठी) कोणी भरत असलेलं एखादं सर्व्हर भाडं, सगळं एकदा तपासा.

दुसरं, उरलेली प्रीमियम करन्सी. जेम्स, क्रिस्टल्स, कॉइन्स जे काय असेल ते. कंपनीच्या दुसऱ्या गेममध्ये ते ट्रान्सफर होतात का हे आधी बघा, क्वचित होतात, मग एफएक्यूमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. नसेल लिहिलं तर रीफंडच्या नियमात "न वापरलेली करन्सी" आहे का बघा, आणि असेल तर अजिबात खर्च करू नका, कारण वापरली की हक्क गेला. दोन्ही नसेल तर मात्र उधळा बिनधास्त. आयुष्यभर जो महागडा स्किन नुसता बघत बसलात तो घ्या, नव्या खेळाडूंना गिफ्ट करा, आतषबाजी करा, ठेवून करणार काय.

रीफंड कोणाला मिळतो यात नशिबाचा भाग मोठा आहे, खोटं कशाला सांगू. सोनीचा कॉन्कॉर्ड हा गेम २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला, पण घेतलेल्या सगळ्यांना पूर्ण पैसे परत मिळाले. गुगलने स्टेडिया ही इंटरनेटवरून गेम खेळायची सेवा १८ जानेवारी २०२३ ला बंद केली तेव्हा त्यांच्या स्टोअरमधून घेतलेले गेम्स आणि कंट्रोलर या दोन्हींचे पैसे दिले. एक्सडिफायंट या शूटर गेममध्ये फाउंडर्स पॅकमधल्या सगळ्यात वरच्या पॅकचे पैसे परत आणि बाकीच्यांना ३ नोव्हेंबर २०२४ नंतर केलेल्या खरेदीचे. यातून दिसतं ते हे की गेम नवा असेल किंवा खरेदी अगदी ताजी असेल तर शक्यता चांगली, आणि आठ वर्षांपूर्वी घेतलेल्या एक्स्पान्शनचे पैसे मागायला गेलात तर बहुतेक वेळा गोड शब्दांत नाही.

तरी मागा. मागायला काही लागत नाही. आधी ज्या स्टोअरमधून घेतलं तिथे, तिथे नकार आला की मग पब्लिशरच्या सपोर्टला. मेसेज छोटा ठेवा, भावना बाजूला, चार गोष्टी पुरतात: ऑर्डर नंबर, खरेदीची तारीख, रक्कम, आणि का मागताय. असं काहीतरी:

"मी अमुक तारखेला हा पॅक घेतला, ऑर्डर नंबर अमुक. तुम्ही अमुक तारखेला गेम बंद करण्याची घोषणा केली. खरेदी करताना स्टोअरच्या पानावर याचा उल्लेख नव्हता. त्यामुळे मला वापरासाठी फारच कमी काळ मिळतोय. कृपया पूर्ण रक्कम परत करावी, किंवा नकाराचं कारण लेखी कळवावं."

ते शेवटचं वाक्य महत्त्वाचं. लेखी नकार हातात असला की ग्राहक तक्रारीसाठी पुढे जाता येतं, नाहीतर तुमच्याकडे दाखवायला काहीच नसतं.

आणि एक इशारा. बँकेकडून परस्पर पैसे परत खेचायचे, म्हणजे चार्जबॅक, हा सल्ला अशा वेळी हमखास कोणीतरी देतो. देणाऱ्याला विचारा की स्टोअरने अख्खं अकाउंट लॉक केलं तर काय? एका गेमच्या पैशासाठी त्याच अकाउंटवरचे बाकीचे सगळे गेम्स अडकू शकतात. खरंच फसवणूक झाली असेल तरच, आणि बाकी सगळे मार्ग संपल्यावर.

याच काळात "तुमचा रीफंड तयार आहे, इथे लॉगिन करा" छापाचे मेल येतात. मेलमधल्या लिंकवर जायचंच नाही, स्वतः साइट उघडून बघायचं.

विकत घेतलं म्हणजे आपलं झालं असं आपल्याला वाटतं, पण करारात लिहिलेलं असतं की तुम्ही वापराचा परवाना घेतलाय. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे की डिजिटल वस्तू विकताना हा फक्त परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगायचं, नाहीतर "खरेदी करा" असे शब्द वापरायचे नाहीत. पुढच्या वेळी बटण दाबताना हे लक्षात असू द्या.

३. माणसं

माझ्या मते यावर सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा आणि सगळ्यात कमी दिला जातो. स्क्रीनशॉट हजार निघतात, पण ज्या हीलरबरोबर (गटातल्यांना बरं करणारा खेळाडू) चार वर्षं रेड, म्हणजे गटाने लढायच्या मोठ्या लढाया, मारल्या त्याचं गेमबाहेरचं एकही हँडल आपल्याकडे नसतं. गेममधली फ्रेंडलिस्ट म्हणजे नुसती नावं, ती नावं सर्व्हरबरोबर जातात आणि मग शोधायला काहीही उरत नाही. व्हिडिओ बाकीचेही काढतात, नंतर मिळून जातात, तुमच्या मित्राचा पत्ता मात्र दुसरं कोणी जपून ठेवत नाही.

गिल्ड किंवा क्लॅन असेल तर लीडरने किंवा एखाद्या ऑफिसरने हे हातात घ्यावं. स्वतःचा डिस्कॉर्ड सर्व्हर नसेल तर आजच काढा. गेमच्या अधिकृत डिस्कॉर्डवर विसंबू नका, तोही बंद होतो किंवा नुसता वाचण्यापुरता ठेवतात. त्याशिवाय दुसरी एक जागा ठेवा, टेलिग्राम ग्रुप, ईमेल यादी, काहीही, म्हणजे एक गेलं तर दुसरं आहे. मग एक शीट करा, त्यात गेममधलं नाव, जुनी नावं (लोक नाव बदलतात आणि नंतर कोणाला आठवत नाही), आणि संपर्काचं एखादं हँडल. फोन नंबर उघड्या शीटमध्ये टाकायला लावू नका, ज्यांना द्यायचाय ते एकमेकांना खाजगीत देतील, आणि लहान मुलं असतील तर त्यांच्याकडून काहीच मागू नका.

खरी अडचण असते जे वर्षभर आलेच नाहीत त्यांची. त्यांना इन-गेम मेल पाठवा, गिल्डच्या मेसेज ऑफ द डेमध्ये डिस्कॉर्डचं निमंत्रण टाका (निमंत्रण कायमचं करा, डिस्कॉर्डच्या लिंक्स नाहीतर काही दिवसांत मरतात), कॅरेक्टरच्या प्रोफाइलमध्ये लिहून ठेवा. घोषणेची बातमी पसरली की जुने लोक एकदा डोकावून जातात, बहुतेक एकदाच, आणि तेवढ्यात त्यांना ती लिंक दिसली पाहिजे. मेसेजही लांबलचक नको, "आपण सगळे इथे आहोत, ये" एवढं पुरे.

पुढचा गेम कुठला यावर भांडण होणारच. अख्खी गिल्ड एकाच गेममध्ये नेण्याचा हट्ट धरलात तर ती फुटते असंच मी बघत आलोय. दोन-तीन गेम्स निवडा, प्रत्येकाला एखादा शनिवार-रविवार द्या, ज्याला जे आवडेल तो तिकडे, पण गप्पांची जागा एकच ठेवा. काही जण काहीच खेळणार नाहीत, नुसते गप्पा मारायला येतील, तेही चालतं.

४. तुमचा डेटा बाहेर काढा

गेस्ट अकाउंटवर खेळत असाल तर आधी ते ईमेलला जोडा, कारण ऑफलाइन आवृत्ती, ट्रान्सफर, रीफंड, सगळं बहुतेक वेळा जोडलेल्या अकाउंटवरच चालतं. अॅनिमल क्रॉसिंगचा मोबाइल गेम पॉकेट कॅम्प नोव्हेंबर २०२४ अखेरीस बंद झाला आणि डिसेंबरच्या सुरुवातीला एकदाच पैसे देऊन घ्यायची ऑफलाइन आवृत्ती आली, त्यात जुनी बाग-घर-सामान नेता येत होतं, पण त्यासाठी निन्टेन्डो अकाउंट जोडलेलं हवं आणि तेही ठरलेल्या मुदतीत.

कॉम्प्युटरवर खेळत असाल तर गेमचं फोल्डर अख्खंच्या अख्खं बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपी करा. सेटिंग्ज, की-बाइंड्स, अॅड-ऑन्स, चॅट लॉग्स, रीप्ले फाइल्स, कॅरेक्टरच्या चेहऱ्याचे प्रीसेट, हे बऱ्याचदा गेमच्या फोल्डरमध्ये नसतात, डॉक्युमेंट्समध्ये किंवा अॅपडेटामध्ये कुठेतरी लपलेले असतात, तिकडेही बघा. रीप्ले फाइल्स बहुतेक वेळा गेमशिवाय चालत नाहीत म्हणून त्यातल्या आवडत्या आत्ताच चालवून व्हिडिओ करून ठेवा.

युरोपमध्ये राहत असाल तर जीडीपीआर या डेटाच्या कायद्याखाली कंपनीकडे तुमचा सगळा डेटा मागता येतो, उत्तर द्यायला त्यांना साधारण एक महिना असतो. इतर बऱ्याच देशांतही असे कायदे आहेत आणि बऱ्याच कंपन्या सगळ्यांसाठी एकच फॉर्म ठेवतात, म्हणून प्रायव्हसी पेजवर बघाच. खरेदीचा इतिहास, लॉगिनच्या नोंदी, कधीकधी चॅटसुद्धा मिळतं. अर्ज सर्व्हर बंद व्हायच्या निदान दोन महिने आधी टाका, नंतर सपोर्टला कोणी उरलेलं नसतं.

कॅरेक्टरचं सगळं एकदा हाताने टिपून ठेवा, लेव्हल, गिअर, अचीव्हमेंट्स, खेळलेले तास. बाहेरच्या स्टॅट्स साइटवर आहे म्हणून निवांत राहू नका. त्या साइटला माहिती गेमच्या एपीआयमधून (बाहेरच्या साइट्सना डेटा देणारी सोय) येते, तो बंद झाला की साइट चालवणाऱ्याला पैसे घालवून ती चालू ठेवायचं काही कारण उरत नाही.

५. रेकॉर्डिंग, आणि इथे घाई करू नका

सगळे बॉस फाइट रेकॉर्ड करतात. बॉस फाइटचे व्हिडिओ आधीच शेकडो पडलेत. जे कोणीच रेकॉर्ड करत नाही ते म्हणजे रोजचं: लॉगिन स्क्रीन आणि तिचं संगीत, कॅरेक्टर बनवायची स्क्रीन, पहिलं ट्युटोरियल, दुकानदाराचे फालतू संवाद, बाजारात उभं राहिल्यावर येणारे आवाज, लोडिंग स्क्रीनवरच्या टिपा, मेनूतला प्रत्येक टॅब. पाच वर्षांनी नेमकं हेच बघावंसं वाटतं आणि हेच कुठे सापडत नाही. म्हणून एक नवीन कॅरेक्टर काढा आणि पहिल्यापासून, न बोलता, न पळता, रेकॉर्ड करत खेळा.

सॉफ्टवेअर ओबीएस स्टुडिओ वापरा, फुकट आहे. काही सेटिंग्ज सांगतो. फाइल एमकेव्हीमध्ये सेव्ह करा, एमपी४ मध्ये नको, कारण मध्येच गेम किंवा कॉम्प्युटर हँग झाला तर साधी एमपी४ फाइल अख्खी वाया जाऊ शकते आणि एमकेव्ही तोपर्यंतची वाचते. नंतर ओबीएसमध्येच रीमक्स (व्हिडिओ तसाच ठेवून फाइलचा प्रकार बदलणं) करून एमपी४ करता येते. आवाजाचे ट्रॅक वेगळे करा, गेमचा एक, व्हॉइस चॅटचा एक, तुमच्या माइकचा एक, म्हणजे नंतर नुसतं गेमचं संगीत हवं असेल तर त्यात कोणाचं शिंकणं येणार नाही. २० एमबीपीएस बिटरेट (दर सेकंदाला साठणारा डेटा) धरला तर तासाला साधारण ९ जीबी जातात, त्या हिशोबाने डिस्क रिकामी करा. प्रत्येक जागा दोनदा घ्या, एकदा स्क्रीनवरची बटणं लपवून आणि एकदा सगळं दिसत असताना. बटणं लपवलेलं सुंदर दिसतं, पण तुम्ही खेळत होतात ते त्या बटणांसकट.

व्हॉइस चॅट रेकॉर्ड करायच्या आधी सगळ्यांना विचारा, आणि कोणी नको म्हटलं तर त्यावेळी तो ट्रॅक बंद.

हे काही नुसतं वेड नाही बरं का. द सिम्स ऑनलाइन, जो शेवटी ईए-लँड नावाने चालू होता, तो १ ऑगस्ट २००८ ला बंद होताना स्टॅनफर्डच्या संशोधकांनी शेवटची मिनिटं रेकॉर्ड केली आणि ती इंटरनेट आर्काइव्हवर ठेवली, लोक एकमेकांना निरोप देतायत आणि मग कनेक्शन तुटतं. तुमचंही तिथे टाकता येतं. तीन ठिकाणी ठेवा: यूट्यूब, आर्काइव्ह आणि घरातली हार्ड डिस्क. यूट्यूबवर गेममधल्या संगीतावर कॉपीराइट क्लेम येऊ शकतो म्हणून ती एकच प्रत असू नये. फाइलच्या नावात गेम, जागा, तारीख आणि पॅचचा (अपडेटचा) नंबर टाका, "व्हिडिओ फायनल २" असलं नाव दिलंत तर ती फाइल तुम्हालाही पुन्हा सापडणार नाही.

विकी असेल तर तिचाही बॅकअप घ्या. मीडियाविकी या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या विकींना एक्स्पोर्टचं पान असतं, तिथून लेख एक्सएमएलमध्ये उतरतात, चित्रं मात्र वेगळी उतरवावी लागतात.

६. आवाज उठवायचा असेल तर काय मागायचं ते आधी ठरवा

"गेम बंद करू नका" या मागणीने गेम वाचल्याची उदाहरणं फार थोडी. सिटी ऑफ हीरोज या सुपरहीरोंच्या ऑनलाइन गेमचं घ्या. ३१ ऑगस्ट २०१२ ला घोषणा झाली, खेळाडूंनी पिटिशन केलं, गेममधल्या अॅटलस पार्कमध्ये मशाली घेऊन गर्दी केली, आणि तरीही ३० नोव्हेंबरला सर्व्हर बंद झाले. पण गोष्ट तिथे संपली नाही. काही जण गुपचूप खाजगी सर्व्हर (खेळाडूंनी स्वतः उभारलेला) चालवत होते ते २०१९ मध्ये बाहेर आलं, कोड सगळीकडे पसरला, आणि जानेवारी २०२४ मध्ये गेमची मालक कंपनी एनसीसॉफ्टने होमकमिंग नावाच्या खेळाडूंच्याच सर्व्हरला रीतसर परवाना दिला. अकरा वर्षं गेली मध्ये. तेवढा वेळ माणसं एकत्र राहिली म्हणून ते झालं, म्हणून तिसरा मुद्दा परत वाचा.

मागणी अशी करा जी कंपनीला परवडेल. ऑफलाइन पॅच. खाजगी सर्व्हर चालवायचं सॉफ्टवेअर, जसं नॉकआउट सिटीवाल्यांनी जून २०२३ मध्ये गेम बंद करताना कॉम्प्युटरसाठी फुकट दिलं. चित्रं आणि कोड मोकळे करणं, जसं ग्लिच हा गेम बंद झाल्यावर वर्षभराने तो बनवणाऱ्या टायनी स्पेकने बहुतेक कलाकृती सगळ्यांना वापरायला खुल्या केल्या (हीच कंपनी पुढे ऑफिस चॅटचं अॅप बनवणारी स्लॅक झाली). अगदीच काही नाही तर दोन महिन्यांची मुदतवाढ आणि शेवटच्या महिन्यात सगळं सामान अनलॉक. यातली एक, फार तर दोन निवडा. दहा मागण्यांचं पत्र कोणी वाचत नाही.

पत्र पब्लिशरला, म्हणजे गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीला लिहा. डेव्हलपर टीमच्या हातात बहुतेक वेळा काही नसतं, त्यातल्या अर्ध्यांची नोकरीच गेलेली असते, आणि कम्युनिटी मॅनेजरला शिव्या घालणं म्हणजे तुमची बाजू आत मांडू शकणारा एकमेव माणूस गमावणं. रिव्ह्यूमध्ये राग काढायचा तर काढा पण त्यात माहिती टाका, कुठल्या तारखेला बंद होतोय, नवीन माणसाने पैसे घालू नयेत, म्हणजे निदान कोणाचा तरी फायदा होईल.

मोठ्या चळवळीला हातभार लावायचा असेल तर "स्टॉप किलिंग गेम्स" आहे. 'द क्रू' बंद झाल्यावर एप्रिल २०२४ मध्ये रॉस स्कॉट या यूट्यूबरने ती सुरू केली. त्यातून निघालेल्या युरोपीय नागरिक उपक्रमाला (युरोपीय संघाकडे नागरिकांनी सह्या करून करायची अधिकृत मागणी) जुलै २०२५ पर्यंत १० लाखांच्या वर सह्या मिळाल्या. त्यांचं म्हणणं सर्व्हर कायम चालवा असं नाहीच, बंद करताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडा एवढंच आहे. युबिसॉफ्टने त्याच मालिकेतल्या 'द क्रू २' ला नंतर ऑफलाइन खेळायची सोय दिली. त्या सह्यांची मुदत जुलै २०२५ मध्येच संपली, पण पुढे अशा कुठल्या उपक्रमावर सही करताना एवढं बघा की त्यासाठी लागणारं नागरिकत्व तुमच्याकडे आहे, खोट्या सह्या पडताळणीत उडतात आणि मग विरोधकांना आयतं कोलीत मिळतं.

७. शेवटचा दिवस

गिल्डचा निरोपाचा कार्यक्रम शेवटच्या दिवशी ठेवूच नका, एक दिवस आधी ठेवा. शेवटच्या दिवशी वर्षानुवर्षं न आलेले सगळे येतात, रांग लागते, सर्व्हर धापा टाकतो, निम्म्या लोकांना आत जाताच येत नाही, आणि सगळ्यांचे टाइमझोन वेगळे. आदल्या दिवशी शांतपणे ग्रुप फोटो काढा, जुन्या जागा फिरा, भाषणं करायची ती करा.

शेवटच्या दिवशी मग काही तास आधीच लॉगिन करून राहा आणि बाहेर पडू नका. मूळ एक्सबॉक्सची लाइव्ह सेवा १५ एप्रिल २०१० ला बंद झाली तेव्हा हेलो २ चे काही खेळाडू नुसते डिस्कनेक्ट न होता आत बसून राहिले, शेवटचा माणूस मे महिन्यात बाहेर पडला. दरवेळी असं होत नाही, पण बाहेर पडलात तर परत आत घेणार नाहीत हे नक्की. निष्क्रिय राहिल्यावर बाहेर काढणारा टायमर असेल तर मधून मधून हलत राहा. ओबीएस आधीच चालू, डिस्कवर जागा आहे हे तपासून, चॅट विंडो मोठी करून.

कंपनी काही कार्यक्रम करेलच असं नाही. क्लब पेंग्विन या मुलांच्या ऑनलाइन गेममध्ये मुलं वर्षानुवर्षं एका हिमनगावर गर्दी करून तो उलटवायचा प्रयत्न करायची, कधीच उलटला नाही, आणि मार्च २०१७ मध्ये बंद व्हायच्या आधी तो त्यांनी खरंच उलटवून दाखवला. असं प्रेम सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. बऱ्याच गेम्समध्ये नुसतं "सर्व्हरशी संपर्क तुटला" येतं, तो स्क्रीनशॉटही घ्या.

८. त्यानंतर

काही दिवसांत कोणीतरी म्हणेल खाजगी सर्व्हर आलाय. थांबा जरा. परवाना असलेले फार कमी असतात, बाकीचे सगळे कंपनी किती दिवस डोळेझाक करते त्यावर चालतात. क्लब पेंग्विन रीरिटन नावाचा सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये सिटी ऑफ लंडन पोलिसांनी बंद केला, अटकही झाली. दुसरीकडे नॉस्टॅल्रियस हा जुन्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचा सर्व्हर २०१६ मध्ये मूळ गेम बनवणाऱ्या ब्लिझार्डच्या नोटिशीने गेला, पण त्यावरून एवढा गदारोळ झाला की २०१९ मध्ये ब्लिझार्डने स्वतः जुन्या गेमची क्लासिक आवृत्ती आणली. तुमच्या देशात कायदा काय म्हणतो ते बघून तुमचं तुम्ही ठरवा. गेलातच तर वेगळा ईमेल आणि पूर्णपणे वेगळा पासवर्ड, कुठल्याही अनोळखी इन्स्टॉलरला अँटिव्हायरस बंद करून परवानगी द्यायची नाही, आणि "डोनेशन दिलं तर जुनं कॅरेक्टर परत देतो" म्हणणाऱ्याला एक पैसाही नाही, कारण जुन्या कॅरेक्टरचा डेटा कंपनीच्या सर्व्हरवर होता, याच्याकडे येणार कुठून?

रीफंड मंजूर झाला असेल तर पैसे खरंच जमा झालेत का ते पुढच्या दोन स्टेटमेंटमध्ये बघा. बंद झालेल्या गेमचं अकाउंट दुसऱ्या कुठल्या सेवांना जोडलं असेल तर ते तोडा, साठवलेलं कार्ड काढून टाका.

आणि गेम अनइन्स्टॉल करायची घाई नको. असे बरेचसे सर्व्हर उभे राहतात तेव्हा मूळ क्लायंट (तुमच्या मशीनवरचा गेम) लागतो, तोही बऱ्याचदा ठराविक पॅचचा, आणि तोपर्यंत कंपनीचं डाउनलोड पान गेलेलं असतं. लॉन्चरने आपोआप काही बदलू नये म्हणून मगाशी बाहेरच्या ड्राइव्हवर जी कॉपी केलीत ती तशीच राहू द्या आणि त्यात एका टेक्स्ट फाइलमध्ये शेवटच्या पॅचचा नंबर लिहून ठेवा.